तिसरं कात्रण कुठंय?

आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी पाण्याच्या टँकरची वेळ, लिफ्टचा मेंटेनन्स आणि कुणाच्या तरी मुलीचे दहावीचे टक्के एवढंच असतं. मागच्या गणपतीत तिथं एक कात्रण येऊन पडलं. पिवळट कागद, बारीक इंग्रजी टाइप, कोपऱ्यातल्या १८९३ या आकड्याभोवती लाल गोल. मुंबईच्या दंगलीची बातमी. खाली मराठीत, 'इतिहास वाचा, तेव्हाही हेच होते.' अर्ध्या तासात दुसऱ्या विंगेतून उलट कात्रण आलं. हे मराठी, अक्षरं पुसट झालेली. त्याखाली, 'आधी कुणी पेटवलं ते पण वाचा.' रात्री साडेअकरापर्यंत दोन्हीकडून कात्रणं पडत राहिली. शेवटी ॲडमिननं 'ओन्ली ॲडमिन्स' करून टाकलं.

भिवंडीत राहणाऱ्याला अशा रात्रीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सकाळी दूधवाला आला, मागच्या गल्लीतले लूम नेहमीसारखे खडखडायला लागले, तेव्हा जीव खाली बसला. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. एवढ्या कात्रणांत एकाखालीही पेपरचं नाव नव्हतं. तारीख नव्हती. लिहिणाऱ्यानं ते सगळं पाहिलं कुठून, रस्त्यावरून की पोलीस कमिशनरच्या ऑफिसातल्या खुर्चीवरून, हे कुणी विचारलं नाही. छापलंय ना, मग झालंय.

याला हसणं सोपं आहे. मला भांडायचंय ते जरा शहाण्या दिसणाऱ्या सवयीशी. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटलेले एक निवृत्त काका म्हणाले, "अरे, दोन्ही बाजू वाचाव्यात माणसानं, म्हणजे खरं कळतं." शाळा-कॉलेजात आपल्याला हेच शिकवतात. ब्रिटिश काळातल्या पेपरांबद्दल तर ठरूनच गेलंय: एका हातात 'टाइम्स ऑफ इंडिया' घ्या, दुसऱ्या हातात 'केसरी'. थोडं इकडचं वजा करा, थोडं तिकडचं. उरेल ते सत्य. माझं म्हणणं असं की हा हिशोबच मुळात चुकतो. त्या दोघांत भांडण कडाक्याचं होतं, खरंय. पण काही गोष्टींवर त्यांचं न बोलता एकमत होतं, आणि आपला घात तिथंच झालाय.

मराठी वर्तमानपत्राचा जन्मच दोन रकान्यांत झाला. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, ते एका बाजूला इंग्रजी आणि शेजारी मराठी असं. हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण पुढं शंभर वर्षं बातमीचा साचा तोच राहिला. साहेब काय म्हणतो, आणि आपल्यातला शिकलेला माणूस त्याला काय उत्तर देतो. ज्याच्याबद्दल दोघं बोलतायत, त्याला रकाना नाही.

माझ्या शहराला या साच्याचा फटका जुना आहे. कोकणी मुसलमान इथं पूर्वापार होते, पण भिवंडीत माग आणणारी मोमीन घराणी प्रामुख्यानं १८५७ नंतरच्या काळात आझमगड, मऊ, बनारस अशा भागांतून उतरली. ती माणसं इथं पोचण्याच्या आधीच सरकारी कागदांत त्यांची नोंद झालेली होती. जुलाहा म्हणजे विणकर. आणि विणकर म्हणजे अडाणी, धर्मवेडा, डोकं भडकायला वेळ न लागणारा. ज्ञानेंद्र पांडे यांचं वसाहतकाळातल्या जमातवादावरचं पुस्तक १९९० साली आलं. त्यात त्यांनी एक अख्खं प्रकरण या 'माथेफिरू जुलाह्या'च्या प्रतिमेला दिलंय. साहेब लोकांनी म्हणी गोळा केल्या, त्या जातीच्या स्वभावाचा पुरावा म्हणून छापल्या. मग पुढच्या साहेबानं त्या छापील पुराव्याचा हवाला दिला.

याच पुस्तकातला एक आकडा मला अनेक दिवस छळत होता. १८०९ साली बनारसला दंगल झाली. त्या वेळच्या कागदपत्रांत मेलेल्यांचा आकडा २८ किंवा २९ आहे, जखमी ७० च्या आसपास. जवळपास शंभर वर्षांनी निघालेल्या जिल्हा गॅझेटियरात त्याच दंगलीत 'शेकडो' माणसं मेलेली आहेत. मधल्या काळात कुणी नवीन प्रेतं शोधून काढली नव्हती. कुणी एकानं बसून खोटंही लिहिलेलं दिसत नाही. प्रत्येकानं आधीच्याचं वाचून लिहिलं, आणि प्रत्येक वेळी थोडं फुगलं. आपल्या फोनवर अशा मजकुराच्या वर दोन बाण दिसतात आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेले' असं येतं. गॅझेटियरात ती सोय नव्हती.

आणि हे फुगणं बिनकामाचं नव्हतं. ज्या भागात विणकर अस्वस्थ होते, तिथं मँचेस्टरचं कापड बाजारात उतरलं होतं, हातमाग बसले होते, सावकाराचं देणं डोक्यावर होतं. हे सगळं लिहायचं तर सरकारनं आपल्याच धोरणाबद्दल लिहायला हवं. त्यापेक्षा 'जुलाहा स्वभावानंच भडक' हे एक वाक्य स्वस्त पडतं. आज भिवंडीबद्दलच्या बातमीत 'संवेदनशील शहर' हा शब्द येतो, तेव्हा मला तो त्याच गॅझेटियरचा नातू वाटतो. विजेचे दर, सुताचे भाव, बारा-बारा तासांची पाळी, यंत्रमाग भंगारात का निघतायत, हे लिहायला मेहनत लागते. 'संवेदनशील' टाइप करायला दोन सेकंद.

आता १८९३ कडे. त्या वर्षी ११ ऑगस्टला, शुक्रवारी, मुंबईत जुम्मा मशिदीच्या परिसरात दंगल सुरू झाली. पुढं गिरण्यांतले कामगारही तिच्यात ओढले गेले. सुमारे ८० माणसं गेली. त्याआधी काठियावाडात प्रभासपाटणला दंगल झाली होती, तिच्या बातम्या मुंबईत पोचलेल्या होत्या. पोलीस कमिशनर व्हिन्सेंट यांनी आणि बऱ्याच इंग्रजी पेपरांनी बोट दाखवलं गोरक्षणाच्या चळवळीकडे. टिळकांनी 'केसरी'त बोट दाखवलं सरकारकडे: सरकार मुसलमानांना झुकतं माप देतं, त्यातून हे घडतं. पुण्यात सभा भरली. रानड्यांचा तिला विरोध होता. पुढच्या वर्षी, १८९४ ला, गणेशोत्सव रस्त्यावर आला, आणि मेळ्यांच्या पदांतून हिंदूंना सांगितलं जाऊ लागलं की ताबुतांना जाऊ नका. याचा अर्थ सरळ आहे. तोपर्यंत जात होते. पुण्यात, कोकणात, घाटावर हिंदू घरांतली माणसं मोहरमला ताबुतांपुढं नाचत होती, नवस बोलत होती.

'दोन्ही बाजू' वाचल्या तर यातलं काय हाती लागतं? एक म्हणतो हिंदूंनी चिथावलं, दुसरा म्हणतो सरकारनं मुसलमानांना चढवलं. दोघांच्याही वाक्याचा कर्ता एकच आहे: 'हिंदू' नावाचा एक अखंड प्राणी, आणि 'मुसलमान' नावाचा दुसरा. परळच्या गिरणीत दोघं शेजारी शेजारी साच्यावर उभे असतात, दोघांचाही पगार उशिरा होतो, याला दोन्ही रकान्यांत जागा नाही.

ती जागा तिसरीकडे होती, आणि मराठीतच होती. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेला 'दीनबंधू' पुढं नारायण मेघाजी लोखंडे मुंबईतून चालवत होते. हेच लोखंडे १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी करतात, आणि १८९० साली रविवारची सुट्टी त्यांच्याच लढ्यातून मिळते. उद्या रविवारी उशिरा उठाल तेव्हा आठवण काढा. दंगलीनंतर कामगारवस्त्यांत हिंदू-मुसलमान सलोख्यासाठी धडपडणारा संपादक हा. दंगलीबद्दलचं तिसरं मत तिथं उभं होतं. पण 'टाइम्स विरुद्ध केसरी' अशी कुस्ती एकदा लावली की लोखंडे आखाड्याबाहेर जातात. 'केसरी'च्या जुन्या फायली सापडतात. 'दीनबंधू'चे अंक आज फार थोडे उरलेत. ज्यांच्याकडे वाडा होता त्यांचा कागद टिकला.

बरं, जे टिकलं ते आपण कुणाच्या चष्म्यातून वाचतो? ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी चक्रावलो होतो. मुंबई सरकारच्या पदरी देशी पेपर वाचणारं एक खातं होतं. दर आठवड्याला तिथं मराठी, गुजराती, उर्दू पेपरांतले निवडक उतारे इंग्रजीत करून गोपनीय अहवाल छापला जाई. त्यासोबत यादी असे: पेपरचं नाव, गाव, खप, संपादकाचं नाव, वय आणि जात. हो, जात. आमच्या शेजारी ठाण्याहून १८६६ पासून निघणारं 'अरुणोदय'सुद्धा त्या यादीत. आता असंख्य पेपरांचे मूळ अंक नाहीसे झालेत, पण हे अहवाल शाबूत आहेत. त्यामुळं इतिहासाच्या पुस्तकांत 'त्या काळचं मराठी जनमत' म्हणून जे येतं, त्यातला बराच भाग म्हणजे एका सरकारी नोकरानं, सरकारला कशाची धास्ती आहे हे ध्यानात ठेवून उचललेले आणि घाईत भाषांतरलेले परिच्छेद. म्हणजे 'देशी बाजू'सुद्धा साहेबाच्या कात्रीतून आलेली. आपण ती परत मराठीत आणतो आणि म्हणतो, बघा, मूळ पुरावा.

भाषांतरावर माणसं तुरुंगात गेली. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी कोर्टात सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, या मराठी शब्दाला हा इंग्रजी शब्द कसा, म्हणून एकेक शब्द धरून. स्वतःच्या बचावाचं त्यांचं भाषण २१ तासांवर गेलं. ज्यूरीत ७ युरोपियन आणि २ पारशी. निकाल ७ विरुद्ध २. शिक्षा ६ वर्षं. मराठी लेख, इंग्रजी भाषांतर, आणि मूळ लेख ज्यांना वाचता येत नाही असे पंच. १८९७ च्या खटल्यात तर न्यायमूर्ती स्ट्रॅचीनं सरकारबद्दलची 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावून ठेवला होता. सरकारवर प्रेम नाही, एवढा गुन्हा पुरेसा.

म्हणून इथं एक आक्षेप येणारच, आणि तो हलका नाही. 'टाइम्स'च्या मागं राज्य होतं, 'केसरी'च्या पुढं तुरुंग होता. दोघांना एका तराजूत घालणारा तू कोण? युद्धात उभ्या असलेल्या माणसाला निःपक्ष व्हायला सांगणं हा शुद्ध चोंबडेपणा. मान्य. मी त्यांना एका तराजूत घालतच नाही. मंडालेला गेलेल्या माणसाचं धैर्य मला मोजता येणार नाही. पण 'आपली बाजू न्यायाची आहे' आणि 'आपला पुरावा खरा आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. हे खुद्द टिळक-आगरकरांनी फार लवकर, फार महागात शिकून घेतलं होतं.

ही कोल्हापूरची गोष्ट शाळेत अर्धीच सांगतात. महाराज चौथे शिवाजी तरुण होते, वेडे ठरवले गेले होते, त्यांचे हाल होतात अशी कुणकुण होती. कारभारी माधवराव बर्वे. 'केसरी' आणि 'मराठा' नुकते निघालेले, दोघे संपादक पंचविशीत. त्यांच्या हाती काही पत्रं आली, बर्व्यांचं कारस्थान सिद्ध करणारी. त्यांच्या भरवशावर लिहिलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि पत्रं बनावट निघाली. १८८२ साली दोघांना ४ महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. शाळेतल्या धड्यात उरतो तो त्याग. बनावट पत्रं गळून जातात.

पण पुढचा भाग मला जास्त हलवतो. डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरला ठेवलेले असताना, देखरेखीवरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत हे महाराज मेले. म्हणजे छळाची शंका खोटी नव्हती! खरं असं काहीतरी घडत होतं आणि ते सिद्ध करायला आलेला कागद खोटा होता. त्या खोट्या कागदानं नुकसान कुणाचं केलं? संपादक १०१ दिवसांनी बाहेर आले, त्यांचा जयजयकार झाला. महाराजांच्या बाजूनं बोलण्याची किंमत मात्र उतरली, कारण बोलणारे एकदा कोर्टात खोटे पडले होते. ग्रुपवर 'आपल्या' बाजूचं कात्रण न तपासता टाकणाऱ्याला मी ही गोष्ट सांगतो. शत्रूचं कात्रण तपासायला आपण सगळेच तयार असतो.

आणि 'आपली' म्हणजे नक्की कुणाची? १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपात फाशीची शिक्षा झाली, ती अपिलात कमी झाली. यावर पेपरांनी स्त्रीजातीच्या नीतीबद्दल जे लिहिलं, त्यात 'पुणेवैभव' पुढं होतं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ते वाचून संतापल्या. त्यांचं उत्तर कुठल्या पेपरच्या रकान्यात आलं नाही. १८८२ साली त्यांनी वेगळं पुस्तकच छापलं, 'स्त्रीपुरुष तुलना'. विधवेला दोष देणाऱ्या पुरुषांना त्यात त्यांनी उभं आडवं घेतलंय. त्या पुस्तकाची बाजू घेणारे निघाले ते जोतीराव फुले. आपल्या 'राष्ट्रीय बाजू'ला पुढं कित्येक दशकं त्याची आठवणही नव्हती.

चाळीस वर्षांनंतरही चित्र फार बदललेलं नाही. ३१ जानेवारी १९२० ला आंबेडकरांचं 'मूकनायक' निघालं. त्याची जाहिरात 'केसरी'नं छापली नाही, पैसे देऊ केले तरी नाही, हे खुद्द आंबेडकरांनी लिहून ठेवलंय. लेख मागत नव्हते, सहानुभूती मागत नव्हते. विकतची चार बोटं जागा मागत होते. पारतंत्र्याविरुद्ध लढणाऱ्या पेपरात ती नव्हती. साहेबाच्या पेपरात नव्हतीच नव्हती. आता काढा दोन्ही बाजूंची सरासरी.

भिवंडीला यायचं तर १९७० ला यावं लागेल. तेव्हा साहेब जाऊन २३ वर्षं झाली होती. ७ मेच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर इथं जे झालं, त्याची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगानं केली. अहवाल जाडजूड आहे, आणि कंटाळवाणा, म्हणूनच चांगला. कोण कुठं उभा होता, किती वाजता, कुणी सांगितलं, सांगणाऱ्याला तिथून दिसत होतं का. दंगलीच्या तपासासाठी नेमलेल्या विशेष पोलीस पथकानंच पक्षपात केला, हे त्यात नोंदवलंय. 'हिंदू म्हणतात', 'मुस्लिम म्हणतात' अशी दोन खोकी करून मादन थांबले असते तर हे कधीच दिसलं नसतं. तो अहवाल ग्रुपवर कुणी टाकत नाही. त्याचा स्क्रीनशॉट नीट येत नाही.

१९८४ ला पुन्हा झालं. आणि मग ते, जे कुठल्याच कात्रणात नसतं. १९८८ पासून इथं पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्हीकडची साधी माणसं, लूमवाले, दुकानदार, नळाच्या पाण्यापासून सगळ्या तक्रारी घेऊन एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' हे खोपड्यांच्या पुस्तकाचं नाव आहे. प्रश्न पुस्तकात राहिला, बातमीत आला नाही. न घडलेल्या दंगलीचा फोटो काढायचा कसा? तर आजही भिवंडी म्हटलं की बाहेरचा माणूस १९७० आणि १९८४ सांगतो, १९९२ सांगत नाही. गॅझेटियरात चढलेला आकडा उतरत नाही.

गौरी-गणपती गेल्यावर ॲडमिननं ग्रुप उघडला. पहिला मेसेज टँकरचाच होता. मी १८९३ चं ते पहिलं कात्रण टाकणाऱ्या शेजाऱ्याला वेगळा मेसेज केला, चांगल्या शब्दांत: दादा, हे कोणत्या पेपरातलं, तारीख काय? तो म्हणाला, माहीत नाही रे, मला माझ्या साडूनं पाठवलं. साडूला विचारून सांगतो. दोन दिवसांनी त्यानं खरंच सांगितलं. साडूला ते डोंबिवलीतल्या कुठल्याशा ग्रुपवरून आलं होतं.